सासऱ्याचं नाव न घेणारा आमदार

रेंगीचा हिशेब तसा सरळ आहे. पाच वेळा उभा राहिला, दोनदा पडला, तीनदा आला. कुचिंगला, आमच्या राजधानीत, विधानसभेच्या भिंतीवर सगळ्या आमदारांचे फोटो लावलेत म्हणे. त्यात हा खालच्या ओळीत आहे, टाय उजवीकडे वाकडा. टाय त्याच्या बायकोने बांधला होता, तेव्हा माझ्याकडे बघू नका.

शेवटच्या दोन निवडणुकांत सांगण्यासारखं काही नाही. एकदा समोर एक मास्तर होते, ते बिचारे मतदानाच्या दिवशी स्वतःच झोपून राहिले. दुसऱ्यांदा समोर एक दुकानदार होता, त्याला त्याच्या गिऱ्हाइकांनीच पाडलं. खरी मजा आधीच्या तीन निवडणुकांत. कारण तेव्हा समोर होता रेंगीचा सासरा, आणि ज्या माणसाला हरवायचं त्याचं नाव तोंडातून काढायची रेंगीला सोय नव्हती.

सासरा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. मी घेऊ शकते त्याचं नाव. जलाई. बघा, काही झालं नाही मला. बहिणीला चालतं. पण आमच्यात जावयाने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. घेतलं की तुलाह लागतो. तुलाह लागला की पोट फुगतं, भात कुजतो, होडी उलटते, ज्याला जे आठवेल ते तो सांगतो. आमच्या सेरुंगकाप नदीवरचे लोक तर इतके कडक की नावासारखा नुसता शब्द आला तरी जावई जीभ चावतो.

आणि आमच्या भाषेत जलाई म्हणजे रस्ता.

आता बघा पंचाईत. रेंगीला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. रस्ता. आणि तोच शब्द त्याला बोलता येत नव्हता.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. दादा आमदार व्हायच्या आधी आमच्या लांबघराचा प्रमुख होता, आणि लांबघराला प्रमुखाचंच नाव असतं. म्हणजे आमचं घर रुमा जलाई. सव्वीस दारांचं, एका छपराखालचं. पहिल्या वेळी रेंगी अर्ज भरायला बाजारात, म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावी, गेला, तेव्हा कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, "पत्ता?"

"सेरुंगकाप नदी, डावा किनारा."

"घराचं नाव?"

"वळणावरचं घर."

"कुणाचं वळणावरचं घर? रुमा काय?"

रेंगीने हनुवटीने नदीकडे दाखवलं. साहेब म्हणाले, "अहो, तुम्हाला स्वतःच्या घराचं नाव माहीत नाही आणि आमदार व्हायचंय?" शेवटी बाहेर भाजी विकत बसलेल्या एका बाईला आत बोलावून तिच्याकडून नाव वदवलं. ती बाई अजून सांगते, मीच रेंगीला उभा केला म्हणून.

हा मूळचा आमच्या नदीवरचा नव्हे. डोंगरापलीकडच्या नदीवरचा. माझी भाची इम्पुन एका लग्नात त्याला भेटली आणि त्याला घेऊनच परतली. आमच्यात पोरगा बायकोच्या घरी राहायला येतो, त्यात नवल नाही. नवल होतं त्याच्या हातांचं. दादाच्या लांब होडीला एक जुनं इंजिन होतं, कुणालाच दाद द्यायचं नाही. रेंगीने त्याच्यापाशी बसून दोन शिट्ट्या मारल्या, कुठेतरी एक सुपारीचं साल अडकवलं आणि ते चालू झालं. त्या दिवसापासून दादा होडीत पुढे बसणार आणि रेंगी मागे इंजिनपाशी, हे ठरूनच गेलं. दादाला आमदार म्हणून सगळ्या नदीभर फिरावं लागायचं, तेव्हा पुढे आमदार, मागे जावई. नदीच्या वरच्या अंगाच्या घरांतले लोक रेंगीला ओळखायचे ते 'इंजिन' म्हणूनच.

मग इम्पुनचं पहिलं बाळंतपण आलं. पावसाने ताण दिला होता. नदी अशी आटलेली की माशांनी चालत जावं. तिला बाजारातल्या दवाखान्यात न्यायला निघालो, मी, रेंगी आणि ती. अर्ध्या वाटेत होडी खडकांत बसली. ढकलून ढकलून रेंगीचे हात सोलले. शेवटी पोरगी तिथेच गोट्यांच्या वाळूत झाली, माझ्या हातावर. धडधाकट झाली, ओरडायला लागली, तेव्हा रेंगी पाण्यात बसूनच रडला. आमच्या भाषेत अशा गोट्यांच्या किनाऱ्याला करांगान म्हणतात. पोरीचं नाव करांगानच ठेवलं. नाव छान आहे, पण त्या नावात काय काय आहे ते मला विचारा.

तेव्हापासून रेंगीने दादाच्या मागे टुमणं लावलं. जेवताना, होडीत, मिरीच्या मळ्यात. पोरगी झाल्यावर सासऱ्याला आकी म्हणायचं, म्हणजे आजोबा. तर हा म्हणायचा, "आकी, डोंगराच्या अंगाने बाजारापर्यंत आपल्याला ते पाहिजे."

"काय ते?"

"पायाखालचं. लांब."

दादाला कळायचं. मुद्दाम छळायचा. "साप?"

"आकी."

"नदी आहे ना आपल्याला. माझ्या आजोबांना पुरली, बापाला पुरली."

"आकी, नदीत पाणी नसतं."

"येतं. नदी आहे ती, पाणी येणारच."

दादा नुसता हट्टी होता असं नाही हं. त्याचं म्हणणं होतं, रस्ता आला की त्याच्या मागून लाकूडवाले येतात. खालच्या नदीवर त्याने बघितलं होतं. लाल धूळ, मोठाल्या गाड्या, आणि डोंगर असा बोडका की ओळखू येऊ नये. ते काही खोटं नव्हतं, पुढे आमच्याकडेही थोडं झालंच तसं. पण वाळूत बाळंत होणारी इम्पुन होती, दादा नव्हता.

असं दोन वर्षं चाललं. एक दिवस जेवताना दादाचा पारा चढला. म्हणाला, "एवढी हौस असेल तर तू उभा राहा माझ्यासमोर. हो आमदार, आण तुझं पायाखालचं."

रेंगीने मान खाली घातली आणि म्हणाला, "बरं, आकी."

सगळ्यांना वाटलं विषय संपला. चार दिवसांनी कळलं, हा अर्ज भरून आला. दादा ओरडला तेव्हा रेंगी काय म्हणाला माहितेय? "तुम्हीच सांगितलंत. मी तुमची आज्ञा कधी मोडली?" आता यावर काय बोलायचं! दादा दोन दिवस माझ्याकडे जेवला.

पण प्रचाराला निघायची वेळ आली तेव्हा गाडं अडलं. होडी दादाची, इंजिन रेंगीच्याच हाताला लागणारं. मग दोघं एकाच होडीतून निघाले. पुढे सरकारी पक्षाचा उमेदवार, मागे अपक्ष उमेदवार. एखाद्या घरी उतरले की रेंगी आधी पाण्यात उडी मारून होडी धरायचा, दादा सुक्या पायाने उतरायचा, रुआईवर चटई टाकली जायची, आधी दादा बोलायचा, मग त्याची सुपारी खाऊन होईपर्यंत रेंगी बोलायचा. रुआई म्हणजे आमच्या घराची लांब ओसरी. सगळं तिथेच, भांडणं, लग्नं, मयत आणि मतं.

रेंगीचं पहिलं भाषण मी स्वतः ऐकलंय. म्हणाला, "मंडळी, आपल्या पायांचे किती हाल होतात! खडक, काटे, जळवा. मला निवडून दिलंत तर तुमच्या पायांसाठी मी ते घेऊन येईन. लहानमोठ्या सगळ्यांना पुरेल. टिकाऊ असेल. पावसात खराब होणार नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी वरच्या घरातून एक म्हातारा होडी वल्हवत आला. दोन काड्या घेऊन आला होता, एक लांब, एक आखूड. म्हणाला, "ही माझ्या पायाची, ही बायकोची. मला काळे पाहिजेत."

अख्ख्या नदीला वाटलं हा कॅनव्हासचे बूट वाटणार आहे. मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत बूट काही आले नाहीत, आणि लोक चिडले. रेंगी असा पडला की विचारू नका. दादा मोठ्या मनाने म्हणाला, "बूट दिले असतेस तर मीही तुलाच दिलं असतं मत."

दुसऱ्या खेपेला रेंगीने डोकं चालवलं. मधल्या काळात तो लाकूडवाल्यांच्या तळावर इंजिनं दुरुस्त करायला जायचा. तिथे साहेब लोक रस्त्याला काय म्हणतात ते शिकून आला. जाईल तिथे सांगायचा, "मी रोड आणणार. रोड!" त्या शब्दावर कसला तुलाह? खूश होता. पण आमच्या म्हाताऱ्या मंडळींना कुठला रोड कळायला. आमच्यात रोडा म्हणजे चाक. झालं! हा चाकं वाटणार, म्हणजे सायकली. एक आजी मला, सेलाकाच्या आईला, विचारायला आली, "इंदाई सेलाका, तुझा जावई घरटी एक सायकल देणार की माणशी एक? आणि ती चालवायची कुठे?"

मी म्हटलं, "आजी, हाच तर मुद्दा आहे. हा प्रश्न तू त्यालाच भाषणात विचार." तिने विचारलाच नाही, आणि हा परत पडला. पण यावेळी थोडक्यात. त्या रात्री जेवताना रेंगीने दादाला माशाचं डोकं वाढलं, ते त्याने खाल्लं, एवढंच.

इम्पुनचं मला कौतुक वाटतं. लोक तिला टोचायचे. बापाच्या बाजूने की नवऱ्याच्या? ती म्हणायची, "भात मी एकाच पातेल्यात शिजवते. ज्याला चालत नसेल त्याने दुसरं पातेलं आणावं." मत कुणाला दिलं ते आजतागायत सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं, तेव्हा मलाही विचारू नका.

दुसऱ्यांदा पडल्यावर रेंगीने बोलणंच सोडलं. पारांग घेतला, म्हणजे आमचा झाडं तोडायचा लांब सुरा, आणि डोंगराच्या अंगाला गेला. लाकूडवाल्यांचा तळ होता तिथपर्यंत गाड्या यायच्या. आपल्या घरापासून तिथपर्यंत पायवाट काढायची, एवढंच ठरवलं. सकाळी मिरीच्या मळ्यात काम, दुपारनंतर हा आणि त्याचा पारांग. आधी एकटाच. मग इम्पुनचे दोन चुलतभाऊ आले. मग बूट मागणारा म्हातारा आला, अनवाणीच. ओढ्यांवर ओंडके टाकले, चढावर पायऱ्या खोदल्या. कुणी विचारलं की काय चाललंय, की हा नुसता हसायचा. शब्द नव्हता ना त्याच्याकडे!

वाट झाली आणि लोक चालायला लागले. आता चालणाऱ्याला काहीतरी म्हणावं तर लागतंच. "कशावरून आलास?" "ते नाही का, रेंगीने काढलंय, त्याच्यावरून." मग त्याचं झालं, "रेंगीवरून आलो." मग पोरं म्हणायला लागली, "आज रेंगी ओली आहे, घसराल." आधी थट्टा होती. वर्षभरात थट्टा राहिली नाही. आमच्या नदीवर आजही डोंगरातल्या वाटेला रेंगी म्हणतात. डांबर पडलं त्यावर पुढे, तरी रेंगीच. मी त्याला म्हटलं, "अरे बाबा, तू तुझ्या सासऱ्याच्या नावाची अडचण सोडवलीस, आता करांगानचा नवरा काय म्हणेल?" तर लाजला. दोन पोरी आहेत त्याला.

तर तिसरी निवडणूक आली ती अशी. लोकांच्या पायाखाली वाट होती. एका बाईला झोळीत घालून त्या वाटेवरून नेलं आणि ती आणि बाळ दोघं परत आली, ते सगळ्यांनी बघितलं होतं. आता बूट की सायकल हा घोळ उरला नव्हता. सरकारी पक्षाला घाम फुटला. त्यांनी दादाच्या मदतीला कुचिंगहून एक वकील पाठवला. एडमंड त्याचं नाव. आमच्याच इबान लोकांतला, पण शहरात वाढलेला. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, हातात ध्वनिक्षेपक. आमच्या रुआईवर ध्वनिक्षेपक! तिथे एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा कुत्रा उठतो.

सभा आमच्याच घरी होती. घर एक, रुआई एक, म्हणून सभाही एकच. वरच्या घरांतूनही माणसं आली होती. दुपारची वेळ, चटया टाकलेल्या, दादा मध्ये भिंतीला टेकून बसलेला, रेंगी खांबापाशी. एडमंड बोलायला उठला तो थेट रेंगीकडे वळला.

"मंडळी, या गृहस्थांना मी एकच प्रश्न विचारतो. तुम्ही कुणाच्या विरोधात उभे आहात?"

रेंगी उठला. "करांगानच्या आकींच्या."

"मतपत्रिकेवर करांगानचे आकी असं कुणी नाही. तिथे काय छापलंय?"

"दोन नावं छापलीत. एक माझं."

"आणि दुसरं?"

"दुसरं माझं नाही."

सगळे हसले. मीही हसले. एडमंडला मात्र हवं होतं तेच मिळालं.

"हसा, हसा! उद्या कुचिंगला मंत्री विचारतील, तुमच्या लोकांना काय हवंय? तेव्हा हे काय सांगणार? पायाखालचं, लांब! ज्याला तोंड उघडता येत नाही तो तुमच्यासाठी भांडणार कसा? फक्त तीन अक्षरं आहेत, रेंगी. एकदा म्हणा. ज-ला-ई. आत्ता म्हणालात तर मी माझं भाषण इथेच थांबवतो."

हसू बंद झालं. कारण सगळ्यांना कळलं की हा सापळा आहे. रेंगीने नाव घेतलं तर वरच्या घरांतलं एकही मत त्याला पडलं नसतं. सासऱ्याच्या घरात, सासऱ्याच्या तोंडावर? आणि नाही घेतलं तर हा मुका आमदार म्हणून अख्ख्या नदीवर बोभाटा झाला असता. इम्पुन आपल्या खोलीच्या दारात उभी होती, हातात भाताचा पळा. तिने तो खाली केलाच नाही.

रेंगीने एकदा वकिलाकडे बघितलं, एकदा दादाकडे. मग म्हणाला, "मला नाही येत म्हणता. मंत्र्यांसमोर लागेल तिथे मी हाताने दाखवीन, चित्र काढीन, मंत्र्यांना इथे आणून चालवीन. पण हे नाही येत. यासाठी मत द्यायचं नसेल तर नका देऊ." आणि खाली बसला.

मला तर वाटलं, गेला हा, तिसऱ्यांदा गेला.

तेवढ्यात दादा म्हणाला, "वकील."

"बोला, अपाई." अपाई म्हणजे बाप, वडीलधाऱ्याला तसंच म्हणतात.

"तू तुझ्या सासऱ्याला काय म्हणतोस रे?"

एडमंडला वाटलं दादा त्याच्या बाजूने काहीतरी बोलणार. छाती पुढे काढून म्हणाला, "आमचं शहरात असलं काही नसतं, अपाई. माझे सासरे आधुनिक आहेत. मी त्यांना सरळ जेम्स म्हणतो."

काय सांगू! अख्ख्या रुआईवर असा आवाज झाला, आपण भाजल्यावर करतो ना, तसा. मागच्या बाजूला बसलेल्यांनाही ऐकू गेलं होतं, पण माझ्यातली खोड मला गप्प बसू देईना. मी म्हटलं, "बाळा, मागे ऐकू आलं नाही. काय म्हणतोस म्हणालास?"

आणि तो शहाणा ध्वनिक्षेपक तोंडाशी धरून म्हणाला, "जेम्स!"

त्याच्या शेजारची आजी उठली, आपली चटई गुंडाळली आणि दहा हात लांब जाऊन बसली. तिच्यामागून दुसरी उठली. मग बायकांनी आपापली पोरं ओढून जवळ घेतली. बघता बघता एडमंडच्या भोवती नुसत्या मोकळ्या फळ्या उरल्या. तो इकडे बघतोय, तिकडे बघतोय. "काय झालं? अहो, काय झालं?"

"कोंबडा आणा," दादा म्हणाला.

तुलाह घरात शिरू नये म्हणून कोंबडा डोक्यावरून ओवाळावा लागतो. आमच्याच खुराड्यातला लाल कोंबडा आणला. दादाने स्वतः तो वकिलाच्या डोक्यावरून ओवाळला, नेमाने, मंत्र म्हणत. कोंबडा फडफडला आणि त्या कडक इस्त्रीच्या शर्टावर जे व्हायचं ते झालं. तरी कुणी हसलं नाही, वेळ तशी नव्हती. हसलो ते नंतर, आठवडाभर.

मग कोंबडा काखेत धरूनच दादा लोकांकडे वळला. "माझा जावई माझं नाव घेणार नाही. तेरा वर्षं एका चुलीवर जेवतोय, तीनदा माझ्यासमोर उभा राहिलाय, तरी कधी घेतलं नाही. ते आज कुणी त्याच्याकडून वदवून घ्यावं आणि त्यावर मी निवडून यावं, असली आमदारकी मला नको. मतपत्रिकेवर दुसरं नाव कुणाचं, ते मी सांगतो. जलाई. ते मी. फुली कुठे मारायची ते तुमचं तुम्ही बघा."

सभा संपली. लोक गेले. मी दादापाशी जाऊन बसले.

"दादा, आज तू स्वतःच्या हाताने स्वतःची मतं पाण्यात सोडलीस."

"गप गं तू. 'मागे ऐकू आलं नाही' कोण म्हणालं?"

"ते जाऊ दे. तुला जिंकायचं नव्हतं का?"

"जिंकायचं होतं," तो म्हणाला. "अजून जिंकायचंय. पण त्याने सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं असतं तर जिंकून मी कुठे गेलो असतो? याच घरात यायचं होतं ना परत."

मतमोजणी बाजारात. दोघं नेहमीसारखे एकाच होडीतून गेले, पुढे दादा, मागे रेंगी. आम्ही घरी रेडिओला कान लावून बसलो, पण आमच्या नदीचा नंबर येईपर्यंत त्याचे सेल संपले. मग कुणाला काही कळायला मार्ग नव्हता. त्यामुळे घरात दोन्ही तयारी झाली. तुआक, म्हणजे आमची तांदळाची दारू, तिचे दोन रांजण उघडून ठेवले. पितळी घंटा काढून पुसल्या. मी फुलांचा हार केला, तो एकच केला, कारण जिंकणार एकच होता आणि फुलंही तेवढीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वळणावर इंजिनाचा आवाज आला. सगळं घर घाटावर. होडी आली, दोघांचे चेहरे बघतोय आम्ही, पण दोघंही असे दगडासारखे की काही वाचता येईना. होडी काठाला लागली तशी रेंगीने नेहमीसारखी मागून पाण्यात उडी मारली, कंबरभर पाण्यात उभं राहून होडी धरली, आणि दादा सुक्या पायाने पहिला उतरला.

झालं! पहिला उतरला तो जिंकला, असं समजून पोरांनी घंटा बडवायला सुरुवात केली. "जलाई! जलाई!" बायकांनी तांदूळ उधळले. तुआकचा पेला दादाच्या हातात आला. दादा काहीतरी सांगतोय, पण त्या गदारोळात ऐकतंय कोण? त्याला पुढे करून वर घेऊन चालले सगळे.

मी मात्र खाली पाण्याशी गेले.

"काय रे, रेंगी, परत पडलास?"

"नाही, इबू." इम्पुनची आत्या म्हणून मला तो इबू म्हणतो.

"म्हणजे जिंकलास?"

तो होडीचा दोर धरून उभा. "ते मी कसं म्हणू? म्हटलं तर, कुणाला हरवलं तेही म्हणावं लागेल."

"अरे मग आधी तू का नाही उतरलास, मूर्खा? बघ, तुझ्या घंटा तिकडे वाजतायत!"

"मी उतरलो असतो तर होडी कुणी धरली असती? ते पडले असते पाण्यात."

हा आमचा नवा आमदार! एकतीस मतांनी जिंकलेला, कंबरभर पाण्यात, सासऱ्याची होडी धरून. हसावं की याच्या डोक्यात टपली मारावी, मला कळेना. टपली मारली.

वर मात्र दादाचा आवाज एकदम चढला. चिडला की त्याला ध्वनिक्षेपक लागत नाही. "अरे गाढवांनो, चुकीच्या माणसासाठी वाजवताय! मी हरलो! तो जिंकला!"

घंटा गप्प. एका पोराचा हात तसाच वर राहिला. सगळे वळून खाली बघायला लागले. इम्पुन गर्दीतून पुढे आली, बापाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि तोंडावर हात ठेवून तिथेच खाली बसली. रडत होती की हसत होती ते मला ओळखता आलं नाही.

"थांबलात कशाला?" दादा पुन्हा ओरडला. "वाजवा! आणि ए आमदार, वर ये!"

"आलोच, आकी," रेंगी म्हणाला, "इंजिन काढतो."

"राहू दे इंजिन!"

"कसं राहू दे? वर पाऊस पडलाय, पाणी चढतंय. वाहून जाईल."

त्याने बसून एकेक स्क्रू सोडवला, इंजिन उचललं, खांद्यावर घेतलं आणि ओंडक्याच्या पायऱ्या चढायला लागला. तेल ठिबकतंय, पाणी निथळतंय, घंटा वाजतायत. मी हार घेऊन पुढे झाले, पण घालू कुठे? एका बाजूला इंजिन, दुसऱ्या हाताने ते धरलेलं, मान दिसतच नव्हती. शेवटी दादाने माझ्या हातून हार घेतला, इंजिनालाच घातला, आणि रेंगीच्या दुसऱ्या बाजूने इंजिनाखाली आपला खांदा लावला.